इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये एमटेक: गेटच्या फॉर्मपासून पहिल्या सेमिस्टरपर्यंत

"इंडस्ट्रियल म्हणजे घड्याळ घेऊन लाइनवर उभा राहणारा माणूस ना?" "मग सरळ एमबीएच का करू नये?" "गेटला एमई द्यायचा की पीआय?" "पवईच्या निटीला गेटवर घेतात ना?" मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की हेच चार प्रश्न फिरून फिरून येतात. निटी ही पवईतली इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची जुनी नावाजलेली संस्था. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आता "नाही" असं आहे, तरी कुणीतरी जुन्या सिनियरच्या शब्दावर विसंबून वर्ष घालवतंच.

मी मेकॅनिकलची पदवी, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी आणि मग इंडस्ट्रियलचं एमटेक अशा वाटेनं गेले. इंडस्ट्रियल म्हणजे माणसं, मशीन, माल आणि वेळ यांचा मेळ गणितानं बसवण्याचं शास्त्र. खाली लिहिलंय ते भारतातल्या, गेट या देशपातळीवरच्या परीक्षेमार्गे होणाऱ्या एमटेकबद्दल. परदेशी एमएसचा खर्च, परीक्षा, वेळापत्रक सगळंच निराळं. त्यात इथे शिरत नाही. तारखा, फी आणि जागा दरवर्षी बदलतात, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. मी सांगतेय तो क्रम आणि वाटेतले खड्डे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती पुढे जवळजवळ प्रत्येक पायरीवर आडवी येणार आहे. या शाखेत कोर्सच्या नावावरून आत काय शिकवतात ते कळत नाही. एकाच पाटीमागे एका ठिकाणी निव्वळ गणित असतं, दुसऱ्या ठिकाणी मशीन शॉप, तिसऱ्या ठिकाणी अर्धं मॅनेजमेंट. विभागाच्या संकेतस्थळावर विषयांची यादी आणि प्राध्यापकांचे शोधनिबंध दिलेले असतात. ते वाचायला एक संध्याकाळ पुरते. रँकिंगच्या याद्या चाळत बसण्यापेक्षा ती संध्याकाळ कामी येते.

१. विषय आपला आहे का, ते आधी बघा

एक गणित घ्या. सरकारी दवाखान्यात केसपेपरची एकच खिडकी आहे. तासाला सरासरी ८ माणसं येतात. खिडकीवरचा कारकून तासाला सरासरी १० जणांचं काम उरकतो. माणसं ठरावीक अंतरानं येत नाहीत आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही सारखा नसतो. नंबर लागेपर्यंत माणूस सरासरी किती वेळ रांगेत उभा राहील?

"कारकुनाचा वेग जास्त आहे, मग रांग लागेलच कशी?" हे बहुतेकांचं पहिलं उत्तर. रांगांच्या सिद्धांतातल्या सगळ्यात साध्या मॉडेलनुसार हिशेब असा: येणाऱ्यांच्या दराला कामाच्या दरानं भागा, आणि जे येईल त्याला दोन्ही दरांतल्या फरकानं भागा. आठ भागिले दहा, भागिले दोन, म्हणजे ०.४ तास. २४ मिनिटं. आता तासाला ९ माणसं यायला लागली असं धरा. वाट बघणं ५४ मिनिटांवर जातं. साडेनऊ धरलं तर १ तास ५४ मिनिटं. कारकून तोच, खिडकी तीच, गर्दी जेमतेम वाढलेली, आणि रांग पार फाटकाबाहेर. प्लँटमध्ये "मशीन शंभर टक्के भरून चालवा" असा आग्रह धरणाऱ्या साहेबाच्या शॉपमध्ये अर्धवट मालाचे ढीग का साचतात, त्याचं मूळ इथेच आहे.

हे वाचून तुम्ही कागद-पेन ओढून "असं का होतं?" म्हणत बसलात, तर पुढे वाचा. "मग दुसरी खिडकी उघडा की" म्हणून मोकळे झालात, तर ऑपरेशन्समधलं एमबीए तुम्हाला जास्त मानवेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. घड्याळवाला माणूस, म्हणजे वर्क स्टडी (कामाची पद्धत आणि त्याला लागणारा वेळ मोजणं), या शाखेत अजूनही आहे. पण एमटेकच्या दोन वर्षांत त्याच्या वाट्याला थोडेच तास येतात. बाकी सगळा काळ संभाव्यता, ऑप्टिमायझेशन (असलेल्या पर्यायांतून सर्वोत्तम शोधण्याचं गणित), संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग यात जातो. बारावीपासून गणिताशी उभा दावा असेल तर नीट विचार करा.

२. कुठल्या घराण्यात जायचं ते ठरवा

ढोबळ मानानं चार घराणी आहेत.

गणिती घराणं: आयआयटी मुंबईतला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च, सगळे त्याला "आयईओआर" म्हणतात. ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे कामकाजातले निर्णय गणितानं घेण्याचं शास्त्र. ऑप्टिमायझेशन, स्टोकॅस्टिक (अनिश्चितता धरून चालणारी) मॉडेल्स, सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर केलेली नक्कल) हा इथला कणा. वर्गात मेकॅनिकलवाल्यांच्या बरोबरीनं कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलची मुलं असतात. लेथ आणि मिलिंगची आठवण काढणारं इथे कुणी भेटत नाही.

व्यवस्थापनाकडे झुकलेलं घराणं: आयआयटी खरगपूरचा इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंग विभाग, तसंच त्रिची आणि कालिकतच्या एनआयटीतले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंटचे कोर्स. सप्लाय चेन, गुणवत्ता, प्रकल्प व्यवस्थापन यांना इथे जास्त जागा असते.

मेकॅनिकलच्या छपराखालचं घराणं: आयआयटी दिल्लीत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग मेकॅनिकल विभागात आहे. आयआयटी रुरकीत विभागाचं नावच मेकॅनिकल अँड इंडस्ट्रियल. आपल्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीतलं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एमटेकही मेकॅनिकल विभागाकडे. शॉप फ्लोअरशी नातं तोडायचं नसेल तर हे बघा.

संख्याशास्त्राचं घराणं: कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं क्वालिटी, रिलायबिलिटी अँड ऑपरेशन्स रिसर्च या विषयातलं एमटेक. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली उभी केलेली ही संस्था. आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं हिचा विचारच करत नाहीत, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. गुणवत्ता आणि विश्वासार्हता या विषयांत इतकं खोल जाणारं दुसरं ठिकाण देशात शोधावं लागेल. संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तिचे जुने पेपर संकेतस्थळावर मिळतात आणि ते सोडवण्याची पद्धत गेटपेक्षा अगदी वेगळी आहे. पर्याय निवडण्याच्या सवयीवर तिथे भागत नाही.

आता निटी. १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीनं विहार तलावाशेजारी सुरू झालेली ही संस्था इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं देशातलं माहेरघर मानली जायची आणि तिथला इंडस्ट्रियलचा पदव्युत्तर डिप्लोमा नावाजलेला होता. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. आज तिथे एमबीए आहे, त्यात ऑपरेशन्स अँड सप्लाय चेनचाही स्वतंत्र कोर्स आहे, पण दार कॅटचं, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं आहे. त्यामुळे "गेट मारून निटी" हा सल्ला देणाऱ्या दादाला नम्रपणे चहा पाजा आणि विषय बदला.

महाराष्ट्रातल्या इतर कॉलेजांत प्रॉडक्शन, मॅन्युफॅक्चरिंग अशा जवळच्या शाखांतली एमटेक आहेत. त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात आणि तिथे गेट पात्र उमेदवारांना आधी जागा मिळते. गुण थोडे कमी पडले, घरची अडचण आहे, शहर सोडता येत नाही, अशांसाठी हा रस्ता वाईट नाही. फक्त विषयांची यादी वाचताना ऑपरेशन्स रिसर्च एकाच पेपरपुरतं आहे की त्याच्यावर काही इमारत उभी केली आहे, ते तपासा.

३. गेटचा पेपर निवडा

गेटमध्ये प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, कोड पीआय. मेकॅनिकलचा एमई. मेकॅनिकलच्या पदवीधराला दोन्ही देता येण्यासारखे असतात, म्हणून घोळ होतो.

एमईमध्ये थर्मल, फ्लुइड, मशीन डिझाइन या सगळ्याचं ओझं असतं आणि ऑपरेशन्स रिसर्च, इन्व्हेंटरी (मालसाठा), उत्पादन नियोजन हा त्यातला छोटा तुकडा. पीआयमध्ये तोच तुकडा मोठा होतो. गुणवत्ता आणि विश्वासार्हता, वर्क सिस्टिम, प्लँट लेआउट, इंजिनिअरिंग इकॉनॉमी त्यात येतात. उत्पादन प्रक्रियांचा भागही भरपूर असतो. थर्मल आणि फ्लुइड पूर्ण सुटत नाही, पण तोंडओळखीपुरतं उरतं. ज्याला फक्त इंडस्ट्रियलच करायचंय त्याला पीआयचा अभ्यास करताना निदान पुढच्या दोन वर्षांची पूर्वतयारी तरी होते. पण सरकारी कंपन्यांच्या भरतीकडेही डोळा असेल तर एमई सोडू नका, कारण तिथे मागणी बहुधा त्याच पेपरला असते.

गेटला आता ठरावीक जोड्यांमध्ये दोन पेपर देता येतात. जोड्यांची यादी त्या वर्षीच्या पत्रकात असते. दोन पेपर देणं ऐकायला धोरणी वाटतं. माझं मत विचाराल तर एकाचीच तयारी धड होते.

निवड करण्याआधी एक काम कराच. तुमच्या मनातल्या चार-पाच संस्थांच्या माहितीपत्रकात कुठल्या पेपरचा स्कोअर चालतो ते शोधून एका तक्त्यात लिहा. काही ठिकाणी दोन्ही चालतात, काही ठिकाणी गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर, २०२४ पासून आलेला डेटा सायन्सचा पेपर यांचीही नावं दिसतील. हा तक्ता ऑगस्टच्या आत तयार हवा.

४. फॉर्म भरा, पण नावाकडे लक्ष ठेवून

नोंदणी साधारण ऑगस्टच्या शेवटी सुरू होते, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येतं आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. नोकरी करणाऱ्यांसाठी ही तीन वर्षं मोठी सोय आहे.

मराठी मुलांचा हमखास अडकण्याचा मुद्दा म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पॅनवर कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलींची तर चौथी तऱ्हा. परीक्षेला जे ओळखपत्र नेणार आहात त्यावरच्या नावाशी फॉर्मवरचं नाव जुळलं पाहिजे. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते जुलैतच करून घ्या.

५. तयारी

इथे फार लिहीत नाही, गेटच्या तयारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल ॲप्टिट्यूडचे. पर्यायी प्रश्न चुकला की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. संख्या भरण्याच्या आणि एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना मात्र उणे गुण नाहीत. तिथे कोरं सोडू नका. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरावा लागतो, माऊसनं. घरी सराव करताना तोच वापरा. हातातल्या कॅसिओची सवय परीक्षेत महागात पडते.

ऑपरेशन्स रिसर्चसाठी आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची एनपीटीईएल या मोफत व्हिडिओ-शिक्षण उपक्रमावरची व्याख्यानं लावा. फळ्यावर, संथपणे, एकेक टेबल भरत शिकवतात. सिम्प्लेक्स (ऑप्टिमायझेशनची गणितं सोडवण्याची पद्धत) आणि तिच्याशी जोडलेली ड्युअ‍ॅलिटी त्यांच्याकडून एकदा नीट समजून घेतली की ती गेटपुरती राहत नाही, पहिल्या सेमिस्टरलाही तारून नेते. सूत्रं पाठ करून पीआय निघतो, हे खरं आहे. पण मग मुलाखतीत काय होतं ते सातव्या पायरीत वाचा.

६. निकाल लागला की अर्ज करा, एकेका ठिकाणी

सगळ्यात जास्त मुलं इथे घसरतात. गेटचा निकाल लागला म्हणजे कुठे आपोआप नाव लागत नाही. प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा, पोर्टल वेगळं, फी वेगळी, मुदत वेगळी. काही पोर्टल निकालाच्या आधीच उघडतात आणि एप्रिलच्या सुमारास बंदही होतात. एनआयटीसाठी सीसीएमटी नावाची एकत्र प्रक्रिया आहे, ती साधारण मे महिन्यापासून. सीईटी सेलचं वेळापत्रक आणखी निराळं.

अर्जात तीन आकडे विचारतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात: मिळालेले गुण शंभरपैकी, गेट स्कोअर हजारपैकी, आणि अखिल भारतीय क्रमांक. प्रवेशासाठी मुख्यतः स्कोअर बघतात. पीआयमधला ३०० वा क्रमांक आणि एमईमधला ३०० वा क्रमांक यांची तुलना करण्यात अर्थ नाही, दोन्हींना बसणाऱ्यांची संख्याच वेगळी.

पदवीची अटही वाचा. सीसीएमटीत ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के किंवा ६.० अशी चौकट असते. सीजीपीएचे टक्के स्वतःच्या मनानं करू नका. मुंबईचं सूत्र वेगळं, पुण्याचं वेगळं. गुणपत्रिकेवर सीजीपीए छापला असेल आणि फॉर्म सीजीपीए घेत असेल तर तोच भरा. टक्केच हवे असतील तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र जोडा.

७. चाचणी आणि मुलाखत

काही ठिकाणी निव्वळ स्कोअरवर जागा मिळते, काही ठिकाणी, विशेषतः रिसर्च असिस्टंटच्या (संस्थेत काम करत शिकण्याच्या) जागांसाठी, लेखी चाचणी आणि मुलाखत असते. पाठांतर इथे उघडं पडतं.

इन्व्हेंटरीचं नेहमीचं उदाहरण घ्या. वर्षाला १२,००० नग लागतात, एका ऑर्डरचा खर्च ३०० रुपये, एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च २० रुपये. किफायतशीर ऑर्डर किती नगांची? सूत्रात घातलं की ६०० येतात. हे सगळ्यांना येतं. मग समोरचे सर विचारतात, "पुरवठादार म्हणतो मी ७०० च्याच खोक्यात देतो. तुमचं किती नुकसान?" इथे खोलीत शांतता पसरते. हिशेब करा: ६०० ला वर्षाचा खर्च १२,००० रुपये, ७०० ला साधारण १२,१४३. फरक १.२ टक्के. म्हणजे त्या उत्तराच्या आसपास खर्चाची रेषा जवळजवळ सपाट आहे आणि पुरवठादाराशी भांडण्यात हशील नाही. मुलाखत घेणाऱ्यांना ६०० नको असतात, हे सपाटपण तुमच्या लक्षात आलंय का, ते हवं असतं.

तयारी म्हणून दहाएक सूत्रं निवडा आणि प्रत्येक सूत्र कोऱ्या कागदावरून उभं करून बघा. त्यात इन्व्हेंटरी, रांग, नियंत्रण आलेखाच्या (गुणवत्तेवर नजर ठेवणाऱ्या तक्त्याच्या) मर्यादा आणि दोन मशीनवरच्या कामांचा जॉन्सनचा नियम हे हवेतच. सशर्त संभाव्यता, मॅट्रिक्सची रँक आणि बहिर्वक्र फलनं यांवर प्रश्न येतातच असं धरून चाला. कारखान्यात काम केलेलं असेल तर तिथली एक समस्या आकड्यांसकट सांगता आली पाहिजे: लाइनवर स्टेशन किती, टाक्ट टाइम (एका नगामागे मिळणारा वेळ) किती, अडत होतं कुठे. "आम्ही कायझेन करायचो" एवढ्यावर कुणी खूश होत नाही.

इंग्रजी अडखळलं तर घाबरू नका. मराठी माध्यमाची मुलं इथे उगाच खचतात. फळ्यापाशी जाऊन गणित मांडायला लागलात की भाषेचा प्रश्न बराचसा मागे पडतो.

८. ऑफर आली, आता बटण कुठलं दाबायचं?

आयआयटींच्या ऑफर कोॲप या सामाईक पोर्टलवर फेऱ्याफेऱ्यांनी येतात. कोॲपवर नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला असं समजू नका, तिथे फक्त ऑफर दिसते आणि निर्णय नोंदवायचा असतो. पर्याय तीन:

- स्वीकारून थांबणं. हे दाबलं की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या.
- हातातली ऑफर राखून पुढची वाट बघणं.
- नाकारून वाट बघणं. नाकारलेली ऑफर परत येत नाही.

एनआयटीच्या सीसीएमटीत शब्द वेगळे: फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, फ्लोट म्हणजे दुसऱ्या संस्थेतली वरची पसंती मिळाली तरी चालेल, स्लाइड म्हणजे याच संस्थेत वरचा कोर्स हवा. इंडस्ट्रियलवाल्यांनी स्लाइडकडे नीट बघावं. पसंतीक्रमात सवयीनं थर्मल किंवा डिझाइन वर टाकलेलं असेल तर स्लाइडनं तुम्ही नको त्या वर्गात जाऊन बसाल. पसंतीक्रम लावताना दुसऱ्या पायरीतला घराण्यांचा विचार समोर ठेवा.

दोन्ही प्रक्रियांच्या फेऱ्या एकमेकींवर चढतात. सीसीएमटीत पैसे भरून जागा धरून ठेवावी आणि आयआयटीची वाट बघावी, असं बरेच जण करतात. ते चालतं, फक्त माघार घेण्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. मुदतीत माघार घेतली तर काही रक्कम कापून पैसे परत मिळतात, नंतर नाही.

९. कागदपत्रं

ही फाइल मार्चपासूनच जमवायला लागा:

- दहावी, बारावी किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका
- पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, प्रोव्हिजनल किंवा पदवी प्रमाणपत्र
- गेटचं स्कोअरकार्ड
- आधार आणि आणखी एक ओळखपत्र
- प्रवर्गाचे दाखले
- कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचं मायग्रेशन
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर राजीनाम्याची तारीख आत्ताच मोजा
- ठरवून दिलेल्या मापातले फोटो आणि सही

प्रवर्गाच्या दाखल्यांवर थोडं थांबते, कारण महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आयआयटी आणि एनआयटी केंद्राच्या. तिथे राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे आपल्या राज्याचे गट आहेत. केंद्रात त्यांच्यातल्या बऱ्याच जाती ओबीसीत मोडतात, पण ते जातीनिहाय तपासावं लागतं. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाहीच. आर्थिक निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा लागेल.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखला प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतरचा मागतात. म्हणजे मार्चमध्ये काढून ठेवून उपयोग नाही, आणि मेअखेरीस सेतू केंद्रात दहावी-बारावीवाल्यांची झुंबड उडते. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा अहवाल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मग पुढचा दाखला, अशी साखळी आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका आणि खिडकीवर स्पष्ट सांगा, "केंद्र सरकारचा नमुना हवाय."

निकाल उशिरा लावण्याबद्दल आपल्या विद्यापीठांची ख्याती आहेच. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हातात नसेल तर संस्था तात्पुरता प्रवेश देऊन कागद आणायला मुदत देतात. त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं. सुट्टी लागण्याआधी ते घेऊन ठेवा.

१०. पैशाचा हिशेब

गेटच्या आधारे प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीचिंग असिस्टंटचं काम: ट्युटोरियल, लॅब, पेपर तपासणं. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून घेतलं तर काम जास्त आणि एमटेक तीन वर्षांचं होतं. घरी पैसे पाठवावे लागत असतील तर पगार सोडून या रकमेवर येणं जड जातं, याचा विचार घरच्यांशी बोलून करा. विद्यावेतन कधी कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम जमा होतं, म्हणून सुरुवातीची मेस आणि फी यांची तजवीज हाताशी हवी.

प्लेसमेंटचे आकडे विचाराल तेव्हा संस्थेचे विचारू नका, एमटेक इंडस्ट्रियलचे विचारा. आणि सरासरी सांगितली तर मध्यक विचारा. या शाखेच्या माणसाला फसवायला सरासरी पुरायला नको.

११. पहिलं सेमिस्टर सुरू होण्याआधी

जुलैअखेरीस वर्ग सुरू होतात. त्याआधीच्या महिनाभरात पायथन शिका. वर्गात शिकवायला वेळ नसतो, येतं असं गृहीत धरतात. पल्प किंवा ऑर-टूल्स यांतली ऑप्टिमायझेशनची एक लायब्ररी वापरून वाहतुकीचं एखादं छोटं गणित सोडवून बघा, सिमपाय या सिम्युलेशनच्या लायब्ररीत केसपेपरची ती खिडकी उभी करा आणि २४ मिनिटं येतात का ते पडताळा. पहिल्यांदा येणार नाहीत, थोडेच फेरे चालवलेले असतील म्हणून. फेरे वाढवा. गुरोबी आणि सीप्लेक्स ही ऑप्टिमायझेशनची महागडी सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, संस्थेचा ईमेल हातात आला की परवाना घ्या. संख्याशास्त्राचं पुस्तक पदवीनंतर विकून टाकलं असेल तर परत आणा.

विषय निवडताना पहिल्याच सेमिस्टरला चारही अवघड घेऊ नका. गाइड मात्र लवकर शोधा. सरांचे गेल्या तीन-चार वर्षांतले विद्यार्थी कुठल्या विषयावर काम करत होते ते बघा, त्यांच्याशी कँटीनमध्ये बोला. सर मोठे असले तरी वर्षातून सहा महिने दौऱ्यावर असतील, तर ते कँटीनमध्येच कळतं.

प्रबंधासाठी जुन्या कंपनीचा डेटा वापरायचा बेत असेल तर एक इशारा. शॉपवरचे ओळखीचे साहेब "घे की, आपलाच आहे" म्हणतात आणि एक्सेल फाइल देतातही. पण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय ते आकडे प्रबंधात छापता येत नाहीत आणि ऐन सादरीकरणाच्या वेळी अडचण उभी राहते. पत्रात तीन गोष्टी हव्यात: कुठला डेटा, तो कंपनीचं नाव झाकून वापरायचा की नावासकट, आणि शोधनिबंध छापायला हरकत नसल्याचं स्पष्ट वाक्य. हे पत्र पहिल्या सेमिस्टरनंतरच्या डिसेंबरच्या सुट्टीतच मागा. लीगल डिपार्टमेंटमधून सही होऊन यायला उन्हाळा उजाडतो.